डोळ्याचा अंदाज

गेल्या महिन्यात ह्यूस्टनहून निखिलचा व्हिडिओ कॉल आला. निखिल म्हणजे आमच्या अण्णांचा नातू. (ब्लॉगवाल्या मित्रमंडळींसाठी सांगतो, अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. घरच्यांना सांगायची गरज नाही.) ख्यालीखुशाली झाली, तिकडे शेंगाचटणी संपल्याची तक्रार झाली, आणि मग पठ्ठ्याने कॅमेरा वळवून टेबलावर ठेवलेली रायफल दाखवली. लाकडी दस्ता, काळीभोर नळी. एम-वन गॅरँड म्हणाला, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन फौजेची.

"काका, नळी आणि लाकूड ओरिजिनल आहे. रिसीव्हर तेवढा आफ्टरमार्केट घेतला, स्वस्तात मिळाला. फिटिंग बघा, केसाएवढी फट नाही."

मी बघितलं. फिटिंग खरंच सुंदर होतं. आणि माझ्या पोटात गोळा आला.

आता रिसीव्हर म्हणजे काय, ते आधी सांगतो. बंदुकीचा सांगाडा म्हणा ना. पुढून त्यात नळी घट्ट बसते, मागून बोल्ट येऊन काडतुसाला टेकतो आणि वळून त्याच्या खाचांत अडकतो. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच धक्का मागे येतो, आणि तो झेलायचं काम बोल्टचं आणि रिसीव्हरचं. आपल्या घरातल्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब असतो. या जातीच्या रायफलीत क्षणभर त्याच्या साडेतीन-चार हजार पट दाब होतो, आणि तो सांभाळणारा पोलादाचा तुकडा चालवणाऱ्याच्या गालाला जवळजवळ लागून असतो. कुकरवर आपण आयएसआयचा शिक्का बघतो. रिसीव्हरवर निखिलने काय बघितलं? फिटिंग, रंग आणि किंमत.

मी विचारलं, "कुठल्या पोलादाचा आहे? हार्डनेस किती?"

"काका, तुम्ही पण ना! नेटवर लोकांनी पाचपाचशे राउंड मारलेत."

असो. इथून पुढचं जे लिहितोय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादा, वहिनी, तुम्ही हे वाचाल याची कल्पना आहे. वाचल्यावर फोन करा, किंवा नका करू.

१९७९ साली मी बावीस वर्षांचा होतो. होटगी रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये हीट ट्रीटमेंटला लागलो होतो. मागाचे सुटे भाग, डाय, पंच असली कामं यायची. लोखंड तापवायचं, तेलात बुडवायचं, मग परत थोडं तापवून त्याचा कडकपणा उतरवायचा. गावाकडे विळ्याला पाणी पाजतात तेच, जरा मोठ्या प्रमाणावर. भट्टीला पायरोमीटर होता पण तो बंद पडलेला. आमचे उस्ताद रंगावर काम करायचे. "चेरीसारखा लाल दिसला की काढ," म्हणायचे. आता सोलापुरात चेरी कुणी बघितली होती! केकवरची, ती पण पुढे. पण रंग डोळ्यात बसला होता आणि त्याचा मला गर्व होता.

अण्णांकडे पीकसंरक्षणाच्या लायसनवरची बारा बोअरची दुनळी होती. मोहोळ तालुक्यातलं आमचं रान, रात्री डुकरं आणि हरणं ज्वारी झोपवायची. बंदूक बहुतेक हवेतच वाजायची. दुनळी मधून मोडते, काडतुसं घालायची आणि झटक्याने बंद करायची. बंद झाली की नळीखालच्या खाचेत एक पोलादी बोल्ट सरकून बसतो, दाराच्या कडीसारखा. तो झिजला होता. मे महिन्यात अण्णा एसटीने आले, फडक्यात गुंडाळलेला बोल्ट माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "बघ की रे, असलाच एक करून देतोस का? लायसनवाल्या दुकानदाराकडं लई दिवस लागायलेत."

टर्नरने जुन्याच्या मापाने नवा घासून दिला. पोलाद कुठलं होतं, देव जाणे. भंगारातला एक तुकडा होता. जेवणाच्या सुट्टीत मी तो भट्टीत घातला. भर दुपार, शटर उघडं, बाहेरचं ऊन आत मावत नव्हतं. लाल रंग दिसला, बुडवला. वर कानस फिरवली तर घसरली, म्हणजे कडक झाला. पॉलिश केला. जुन्यापेक्षा देखणा दिसत होता. अण्णांनी पाठ थोपटली.

हुरड्याच्या दिवसांत एका रात्री बार काढताना तो बोल्ट तुटला. बंदूक मधून उघडली आणि जळता वायू आणि काडतुसाच्या पितळी बुडाचा तुकडा मागे आला. अण्णांचा उजवा डोळा गेला.

घरात सगळ्यांना सांगितलं गेलं की काडतूस जुनं होतं, दमट झालं होतं. आजपर्यंत सगळे तेच धरून आहेत. अण्णांनीच तसं सांगितलं. चार महिन्यांनी त्यांनी कागदाच्या पुडीत बोल्टचे दोन तुकडे माझ्या हातात दिले. एक शब्द बोलले नाहीत. मी तुटलेली बाजू बघितली. चांगल्या पोलादाचा तुकडा तुटला तर आतून रेशमासारखा बारीक करडा दिसतो. हा खडीसाखरेसारखा चमकत होता, जाड जाड कण. प्रमाणाबाहेर तापलेल्या पोलादाची ही खूण असते हे मला तोवर माहीत झालं होतं.

माझा रंग चुकला कसा, हे समजायला पुढे कितीतरी वर्षं लागली. नेट आल्यावर ज्युलियन हॅचर नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याच्या पुस्तकाचा पत्ता लागला. 'हॅचर्स नोटबुक', १९४७ सालचं. पहिल्या महायुद्धात १९१७ च्या सुमारास अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड रायफलींचे रिसीव्हर फुटू लागले. सरकारी कारखाने, पिढीजात कारागीर, तरीही. तपास झाला तेव्हा कळलं की तापमान तिथेही डोळ्यानेच ठरत होतं. यंत्राने मोजलं तर ढगाळ दिवशी जो रंग बरोबर वाटायचा, तोच रंग लख्ख उन्हात दिसेपर्यंत पोलाद तीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेलं असायचं. उजेडात लाल रंग फिका भासतो, म्हणून माणूस आणखी तापवत राहतो.

मॅसॅच्युसेट्सच्या उन्हात ही गत. मी सोलापूरच्या मे महिन्यात, शटर उघडं टाकून, बंदुकीचा बोल्ट रंगावर पिकवला होता. ते पान वाचलं त्या रात्री मी जेवलो नाही.

पण हॅचरच्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट निखिलच्या 'पाचपाचशे राउंड'ला उत्तर आहे. १९१८ मध्ये पद्धत बदलली. त्याआधीच्या, म्हणजे स्प्रिंगफील्डच्या ८,००,००० आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ क्रमांकांच्या आतल्या रायफली संशयित ठरल्या. दहा लाखांच्या वर होतात या. त्यांतल्या फुटल्याची नोंद झालेल्या किती? साठ-सत्तर. बाकीच्या वर्षानुवर्षं चालल्या. म्हणजे ज्याच्या हातात होती त्याला विचारलं असतं तर तो छातीठोक सांगणार, माझी एकदम फर्स्टक्लास आहे. बहुतेकांचं खरंच निघणार. तरी पुढे लष्कराने ठरवलं की अशी रायफल दुरुस्तीला आली की तिचा रिसीव्हर बदलूनच टाकायचा. कारण वाईट कुठली आणि चांगली कुठली हे बाहेरून ओळखायची खात्रीची सोय नव्हती. माझा बोल्टही मे ते हुरडा चाललाच होता की.

निखिलचा दुसरा मुद्दा कास्टिंगचा. "काका, काही लोक म्हणतात मूळ रिसीव्हर फोर्ज केलेले होते, हा कास्ट आहे, म्हणून बोगस." या वादात मला फारसा दम दिसत नाही. आपल्या सोलापुरात ओतलेले कॅमशाफ्ट जगभरच्या मोटारींत फिरतायत. अमेरिकेतही कास्ट रिसीव्हरच्या चांगल्या बंदुका बनतात. कास्टिंगमध्ये पाप नाही. पण कॅमशाफ्ट कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्यामागे वितळवलेल्या धातूचा, हार्डनेसचा, मापाचा कागद असतो, आणि बिघडला तर गाडीवाली कंपनी दारात येऊन उभी राहते. निखिलच्या रिसीव्हरमागे काय होतं? बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली, विकणारा तिसराच, नळी चौथ्याची आणि जुळवणारा हा स्वतः, कॉम्प्युटर इंजिनियर! प्रत्येक भाग आपापल्या जागी चांगला असेलही. पण काडतूस बसल्यावर मागे किती जागा उरते, हे नळी, बोल्ट आणि रिसीव्हर तिन्ही एकत्र आल्यावरच ठरतं. ती जास्त झाली तर काडतुसाचं पितळ फाटतं. त्यासाठी गेज असतात, तासाभराचं काम आहे. निखिलने ते केलं नव्हतं. 'बोल्ट मस्त बंद होतो' एवढ्यावर भागवलं होतं.

त्याहून वाईट प्रकारही तिथे झालेत. फौजेने गॅसने कापून भंगारात काढलेल्या रिसीव्हरचे दोन तुकडे वेल्ड करून परत विकलेले! वेल्डिंगची आच लागली की मूळच्या हीट ट्रीटमेंटचं काय होतं, ते आमच्या वर्कशॉपमधल्या पोऱ्यानेही सांगितलं असतं.

मला गंमत वाटते ती कायद्याची. अमेरिकेत १९६८ पासूनच्या कायद्याने रिसीव्हर म्हणजेच बंदूक. नंबर त्याच्यावर, दुकानदाराकडची चौकशी त्याच्यासाठी. नळी, दस्ता, स्प्रिंगा पोस्टाने घरी येतात. पण ही चौकशी माणसाची. पोलादाची कुणीच करत नाही. तिथला ग्राहक सुरक्षा आयोग टोस्टर बघतो, खेळणी बघतो, आणि बंदुका मात्र त्याच्या कक्षेच्या बाहेर. इंग्लंडमध्ये १८१३ पासून बर्मिंगहॅमला प्रूफ हाउस आहे. जादा दाबाचं काडतूस बंदुकीत घालून, माणूस लांब ठेवून, ते उडवतात. टिकली तर शिक्का. महत्त्वाच्या भागात फेरफार केला की जुना शिक्का कामाचा नाही, परत परीक्षा. युरोपातल्या कितीतरी देशांत ही सक्ती आहे. अमेरिकेत चांगले कारखानदार आपल्या मनाने करतात, बाकीच्यांवर बंधन नाही.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्यात बंदुकीचा सुटा भागही शस्त्रातच धरलाय, आणि दुरुस्तीला, चाचणीलासुद्धा परवाना लागतो. गावातले लायसनवाले या कायद्याला भरपूर शिव्या देतात, आणि निवडणूक आली की ठाण्यात बंदूक जमा करायला रांगेत उभं राहावं लागतं तेव्हा मीही त्यांच्या बाजूने असतो. पण दुरुस्तीच्या परवान्याबाबत माझं मत उलटं आहे. अण्णांना त्या दुकानदाराकडे दोन महिने थांबावं लागलं असतं तर बरं झालं असतं. मी जे केलं तो गुन्हा होता, हे तेव्हा मला ठाऊकसुद्धा नव्हतं. कुणी विचारलंही नाही, कारण अण्णांनी काडतुसावर ढकललं.

निखिलला मी हे सगळं तासभर सांगितलं, अण्णांच्या डोळ्यासकट. त्याला आजोबा आठवतात ते काळ्या चष्म्यातले. तो बराच वेळ गप्प होता. मग विकणाऱ्याला मेल टाकली, पोलाद कुठलं, हार्डनेस किती, प्रूफ झालंय का. दोन दिवसांत उत्तर आलं: रिसीव्हरला लाइफटाइम वॉरंटी आहे. तीन प्रश्नांना मिळून एवढंच.

पुडीतले दोन तुकडे अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. तुटलेल्या बाजूचा फोटो काढून त्याला पाठवलाय. रायफल सध्या कपाटात आहे, गोळ्या मित्राकडे ठेवल्यात. तिथल्या एका गनस्मिथकडे भेगा आणि हार्डनेस तपासायची सोय आहे म्हणाला, पण खर्च रिसीव्हरच्या किमतीपेक्षा जास्त येतोय. मी म्हटलं, अर्धे मी देतो. शनिवारी जाणार आहे.