नुसती वाफ?

गुळाची चव उसात किती आणि जाळात किती, हे आपल्या जिल्ह्यातील कुठल्याही गुऱ्हाळावर जाऊन विचारावे. ऊस तोच, काहील तीच. पण चुलवाणातला जाळ हाताबाहेर गेला की गूळ काळवंडतो आणि जिभेवर करपट चव रेंगाळते. म्हणून गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि गोळी वळली की काहील उतरवायला सांगतो. पाक तेव्हा सुमारे ११८ अंशांवर असतो.

गुळाची आठवण झाली ती ई-सिगारेटमुळे. "ही सिगारेट नव्हेच, नुसती सुगंधी वाफ आहे," हे वाक्य हल्ली कुरुंदवाडसारख्या गावातही कट्ट्यावर ऐकू येते. (कुणाच्या खिशात काय आहे याची झडती घेण्याचा माझा हेतू नाही.) सांगणारे पुढे मोठ्या जाणकारीने असेही सांगतात, की व्होल्टेज कमी ठेवले तर आंब्याची चव स्वच्छ लागते आणि वाढवले तर कॉफी खुलते. मला वाटते, या दुसऱ्या वाक्यातच पहिल्याचे उत्तर आहे. नुसती वाफ असती, तर बटण फिरवून चव कशी बदलली असती? पाण्याखाली कितीही जाळ घाला, वाफेला चव येत नाही.

मी कला शाखेचा. पण शाळेत शिकलेला ओहमचा नियम एवढ्यापुरता पुरतो. त्या यंत्रात एक बारीक तार, तिच्याभोवती किंवा तिच्या आत कापूस आणि कापसात मुरलेला द्रव असतो. तारेत निर्माण होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तार दीड ओहमची असेल तर ३.३ व्होल्टला सव्वासात वॅट आणि ५ व्होल्टला साडेसोळा वॅटहून अधिक. व्होल्टेज दीडपट, उष्णता सव्वादोनपटीच्या वर! आणि द्रव तरी पाणी कुठे आहे? प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. फळांचे हलके सुगंध थोड्या उष्णतेवर उडतात, जड सुगंधांना अधिक ताव लागतो. इथपर्यंत सारे ठीक. पण कापसाला द्रव पुरवता येईनासा झाला, की तार भडकते आणि द्रव उडण्याऐवजी विघटित होऊ लागतो. त्यातून फॉर्मल्डिहाइड निघते. शाळेच्या प्रयोगशाळेतला बरणीतला बेडूक वर्षानुवर्षे ज्याच्या द्रावणात टिकून असतो, तेच हे.

अमेरिकेतील पोर्टलँड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली हेच मोजून दाखवले. ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगे सापडली नाहीत, ५ व्होल्टला सापडली. यावर आक्षेप आला, की इतकी करपट वाफ कोणी ओढूच शकणार नाही. आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. मात्र मग ओढणाऱ्याला सावध करणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याची जीभ.

आणि जीभ फसते. लोण्याचा वास देणारे डायॅसिटिल पोटात गेले तर काही बिघडत नाही. छातीत गेले तर बिघडते. अमेरिकेत मिसूरी राज्यातील मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातील कामगारांना जडलेला फुप्फुसाचा असाध्य विकार २००० साली उघडकीस आला, तो या वासाच्या वाफेशी जोडला गेला. पुढे २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले. त्यांपैकी ३९ मध्ये डायॅसिटिल निघाले. ते करपट लागत नाही. उलट छान लागते.

"मग बिडी कशी चालते?" हा प्रश्न शेजारच्या निपाणीच्या तंबाखूकडे बोट दाखवून हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि सरकारकडे त्याचे समाधानकारक उत्तर आहे असे मला वाटत नाही. परंतु बिडी ओढणाऱ्या आजोबांना आपण धूर ओढतो हे पक्के ठाऊक असते. आंबा खातो आहोत असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

२०१९ च्या कायद्याने आपल्या देशात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात, सारेच बंद आहे. तरीही ती चोरवाटेने येते. तिच्यावर निकोटीनचा आकडा छापलेला असतो, फळाचे रंगीत चित्र असते. तार कशाची, ती किती तापते आणि आकडा खरा की खोटा, हे तपासून पाहणारा त्या वाटेवर कोणी बसलेला नसतो.