चाकांवरचे घर घेताना

माघ महिना लागला की आमच्या गुंदच्या बाजूने घुंगरांचा आवाज येऊ लागतो. धारवाड, बेळगावकडचे भाविक बैलगाड्या जुंपून उळवीला चन्नबसवेश्वराच्या जत्रेला निघालेले असतात. वर ताडपत्रीचे छप्पर, खाली कडब्यावर अंथरलेली वाकळ, कोपऱ्यात भाकरीची चवड आणि पाण्याची घागर. लहानपणी मी तोंड उघडे टाकून बघत राहायचो. आई म्हणायची, "बघ, घर घेऊन निघालीत माणसं."

आज आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला पंढरपूरला जायचे आहे, तुळजापूरला जायचे आहे. पण दोन्ही गुडघे गेलेले. अर्ध्या तासाला पाय लांब करावे लागतात, वाटेतल्या हॉटेलांचे संडास तिला चालत नाहीत. म्हणून गेली चार वर्षे ती घराच्या पडवीपलीकडे फारशी गेलेली नाही. तेव्हा गेल्या दिवाळीनंतर काणकोणात एक जुनी 'मोटारहोम' विकायची आहे असे कानावर आले, आणि मी हुरळून गेलो. तेरा आसनांच्या व्हॅनला आतून बदलून केलेले घर, किंमत साडेसहा लाख. एवढी रक्कम म्हणजे आमच्या घरची बऱ्याच वर्षांची शिल्लक.

सोबत आमच्या ओळखीचे मेस्त्री होते. गाडी पाहताच मी खूश. आत फुलाफुलांचे पडदे, छोटा ओटा, दोन बिछाने, आरसासुद्धा! मेस्त्री मात्र आत शिरलेच नाहीत. त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला आणि मालकाला म्हणाले, "गाडी आताच चालू करून ठेवली होती काय?" मालक हसले. जुने इंजिन थंड असताना कसे सुरू होते, यातच त्याची निम्मी जन्मपत्रिका असते. गरम इंजिन कुणाचेही सुरू होते. आम्ही चहा घेऊन दोन तास थांबलो. मग पुन्हा सुरू केली तेव्हा मागून निळसर धूर आला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली मात्र दुधासारखा फेस नव्हता. म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेले नव्हते, एवढी एक जमेची बाजू.

मग मेस्त्री गाडीखाली गेले. आपल्याकडच्या पावसात आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गाडीला इंजिनाआधी गंज खातो. नवा काळा रंग फासला की वरून काही दिसत नाही. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेसिसवर ठोकत ठोकत कान लावला. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत. दोन ठिकाणी मात्र 'भद्द' आवाज आला. इंजिन पुन्हा बांधता येते, पण सडलेली चेसिस म्हणजे वाळवी लागलेला वासा.

आतही तीच तऱ्हा. हवा खेळावी म्हणून छताला झरोका पाडलेला होता. त्याच्या कडेची प्लाय बोटाने दाबली तर मऊ लागली. पडद्यांना अत्तराचा वास होता, गादी उचलली तर कुबट. वाचकहो, असे घर बघायचे तर पावसाळा नुकताच संपलेला असताना बघावे. उन्हाळ्यात सगळीच छपरे शहाणी असतात.

टायरवर नक्षी भरपूर होती. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ते मेस्त्रींनी मला वाचायला लावले. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. अशा गाड्या वर्षातून थोड्याच दिवस चालतात, त्यामुळे टायर झिजत नाहीत, पण रबर म्हातारे होऊन तडकते. एका बाजूला १२० लिटरची पाण्याची टाकी होती. म्हणजे भरली की एकाच अंगाला १२० किलो वजन. ओट्याखाली घरगुती गॅसचा सिलिंडर होता, पण तळाला गॅस बाहेर जायला भोक नव्हते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली, झोपणाऱ्या माणसाच्या अंगाशी साचतो. करमल घाटात चालवून पाहिली, तेव्हा वळणावर ती टाकीच्या बाजूला झुकत होती.

तरीही माझे मन म्हणत होते, दुरुस्ती करू. मग कागद पाहिले. नोंदणीपुस्तकात ती गाडी अजून तेरा आसनांचीच होती. बिछान्यांचा, ओट्याचा पत्ता नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले. आपल्या देशात मोटार कॅरॅव्हॅन हा गाड्यांचा वेगळा प्रकार आहे. तिच्यासाठी एआयएस-१२४ नावाचे मानक आहे. बसायची, झोपायची, रांधायची आणि सामान ठेवायची सोय त्यात पक्की बसवलेली लागते. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे आणली, ती अशा रीतसर गाड्यांसाठी. गॅरेजात ठोकून केलेल्या घराला उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

त्यात गाडी गोव्याची. आपल्याकडे कायमची आणायची तर तिथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला म्हणजे फॉर्म २८ हवा, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० हवेत. बारा महिन्यांच्या आत कर्नाटकचा क्रमांक घ्यायचा आणि इथला रस्ता कर पुन्हा भरायचा. गाडी पंधरा वर्षांची झाली की खासगी नोंदणीचे नूतनीकरण आलेच. तेव्हा किंमत ठरवताना या खर्चाची बेरीज आधी करावी. आणि पुस्तकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. कागद ठेवून पेन्सिल घासली की आकडे उमटतात.

एवढे सगळे होऊनही खरी परीक्षा राहिलीच होती. मी घरी येऊन आईला मोबाइलवर फोटो दाखवले. तिने पडदे पाहिले, ओटा पाहिला. मग विचारले, "पायरी किती उंच आहे रे?"

मी मोजलीच नव्हती! दोन तास इंजिन थंड व्हायची वाट पाहिली, टायरचे वय वाचले, पण जिच्यासाठी गाडी घ्यायची ती आत चढणार कशी, हे मला सुचले नाही. मालकांना फोन करून विचारले. पहिली पायरी जमिनीपासून दीड फूट. आई हसून म्हणाली, "म्हणजे ह्या गाडीत चढायला मला आधी दुसरी गाडी लागणार."

मग तीच म्हणाली, "उळवीच्या गाड्या बघितल्यास ना? म्हातारी आधी मागच्या फळीवर टेकते, मग पाय आत घेते. चढायचं नसतं, बसायचं असतं."

ती गाडी मी सोडली. महिन्याभराने हल्याळच्या एका शिक्षकांकडून २०१७ची मारुती ओम्नी घेतली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे साधे इंजिन, पुढच्या आसनाखाली. जमिनीलगतचा तळ, सरकते दार. ही गाडी १९८४ पासून मारुती व्हॅन म्हणून आली, २०१९ मध्ये बनणे बंद झाले, पण आमच्या मेस्त्रींना ती डोळे मिटून खोलता येते. कागद एका पिशवीत, सगळे आपल्याच राज्याचे. गाडीत कापाकापी काही केली नाही. मागच्या आसनावर आई आडवी बसून पाय लांब करते. तिच्यामागे घडीची कमोडची खुर्ची, एक छोटा तंबू आणि पाण्याचा कॅन. शेगडी मुद्दाम ठेवली नाही, जेवण डब्यात. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात रात्री रस्त्याकडेला मुक्काम करायचा नसतो, म्हणून मुक्कामाची जागा आधी ठरवून निघतो. तुम्ही म्हणाल, ही कसली मोटारहोम? खरे आहे. पण आमच्या घरच्या माणसाला तिच्यात जाता येते.

पहिली फेरी पंढरपूरची नव्हे, आईच्या हट्टाने उळवीची केली. जत्रेच्या गर्दीत सगळ्या बैलगाड्या सुटलेल्या, बैल रवंथ करत बसलेले. आम्ही एका कडेला व्हॅन लावली. शेजारच्या गाडीतली आजी वाकून आत बघत कानडीत आईला काही बोलली. आईने मान डोलावली.

"काय म्हणाली गं?" मी विचारले.

"म्हणाली, घर लहान आहे, पण दार चांगलं आहे."