अग्निबाणाची चाचणी

दिवाळीच्या रात्री आकाशात झेपावणारा बाण आणि वैज्ञानिकाचा अग्निबाण यांत भेद कोणता? दोहोंच्याही पोटात ज्वालाग्राही द्रव्य असते. ते जळून निर्माण झालेला वायू वेगाने मागे फेकला जातो आणि त्याच्या प्रतिक्रियेने बाण पुढे जातो. न्यूटनचा हा नियम दोहोंनाही सारखाच लागू आहे. खरा भेद बाणात नसून तो सोडणाऱ्याच्या दृष्टीत आहे. एकाला डोळ्यांचे पारणे फेडावयाचे असते. दुसऱ्याला काही जाणून घ्यावयाचे असते.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कोलवुड हे कोळशाच्या खाणीभोवती वसलेले लहानसे गाव आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हा या गावातील होमर हिकम व त्याचे शाळकरी मित्र भारावून गेले. त्यांच्या पहिल्याच अग्निबाणाने आकाशाऐवजी घराच्या बागेचे कुंपण उडवून दिले! हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुढे ही मुले वस्तीपासून दूर, खाणीतील टाकाऊ माल पसरलेल्या मैदानावर जाऊ लागली आणि आडोशामागे उभे राहूनच अग्निबाण सोडू लागली.

चाचणीच्या दिवशी गावकरी जमत. त्यांची नजर ज्वाळेवर खिळलेली असे. मुलांची मात्र मोजमापावर. ठाऊक असलेल्या अंतरावर उभे राहून अग्निबाणाने गाठलेल्या शिखराचा कोन मोजला, की त्रिकोणमितीने उंची काढता येते. अंतर १०० मीटर व कोन ४५ अंश असेल, तर उंचीही १०० मीटरच भरते. फ्रीडा रायली या शिक्षिकेने त्यांना उत्तेजन दिले. १९६० साली राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या कामगिरीला पदक मिळाले. होमर पुढे ‘नासा’ या संस्थेत अभियंता झाला.

कोणी म्हणेल, इतके मोजत बसल्याने खेळातला आनंद नाहीसा होतो. हा आक्षेप टिकणारा नाही. अमेरिकेत २००३ सालापासून शाळकरी मुलांसाठी अग्निबाणांची एक स्पर्धा भरत आली आहे. तीत अग्निबाणाने कच्चे अंडे घेऊन ठरावीक उंची गाठावयाची आणि ठरावीक वेळात, अंडे न फुटता, खाली यावयाचे असते. ठरलेल्या उंचीच्या खाली राहणे हा जसा दोष, तसा तिच्या वर जाणे हाही दोषच. प्रेक्षकांच्या टाळ्या उंचीला मिळतात, विजय अचूकतेला. आपण कागदावर मांडलेले गणित आकाशात खरे ठरलेले पाहण्याचा आनंद नुसत्या पाहणाऱ्याला कसा मिळावा?

या स्पर्धेतील मुले दारू स्वतः कुटत नाहीत. कारखान्यात तयार झालेली व तपासलेली इंजिनेच वापरतात. घरी स्फोटक द्रव्ये मिसळणे हे धाडस नव्हे, तो अविचार होय. वारा जोराचा असेल, तर उड्डाण थांबविणे यातच खरे धैर्य आहे.

म्हणून चाचणीच्या दिवसाचे मोल अग्निबाण किती उंच गेला यावर ठरवू नये. कोसळलेल्या अग्निबाणाचे तुकडे तपासून दोष वहीत टिपून घेणारी मुले त्या दिवशी हरलेली नसतात. उलट, उड्डाण उत्तम झाले, पण ते का उत्तम झाले हे कोणासच सांगता येत नसेल, तर त्या दिवशी दिवाळीचा बाणच उडाला असे समजावे.