जाराला दगड बांधू नका

तुमच्यापैकी जे वाशीम जिल्ह्यात, रिसोड, मानोरा वा मंगरुळपीरकडच्या खेड्यांत राहतात, त्यांनी गाय व्यालेली पाहिलीच असेल. वासरू उठून उभे राहते. पण घरच्यांचे लक्ष असते ते जार, म्हणजे पुस्तकातली वार, पडण्याकडे. १२ तास उलटूनही तो लोंबतच राहिला, की कोणीतरी म्हणतो, "दगड बांधा, वजनाने येईल." हा सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा, याचे उत्तर पेशींत आहे.

जार बहुतांशी वासराच्याच पेशींचा बनलेला असतो. वासराची निम्मी जनुके वळूची, म्हणजे गाईला परकी. दुसऱ्या जनावराच्या कातडीचा तुकडा गाईला लावला, तर तिच्या पांढऱ्या पेशी तो थोड्याच दिवसांत नष्ट करतात. मग जार नऊ महिने टिकतो कसा? हे कोडे पीटर मेडावर यांनी १९५३ साली मांडले.

पेशींच्या पृष्ठभागावर ओळखखुणेचे रेणू असतात. ते पाहून पांढऱ्या पेशी आपले-परके ठरवतात. गाभणकाळाच्या आरंभी जाराच्या बाहेरच्या पेशी या खुणांची जनुके मिटून ठेवतात. जनुके नाहीशी होत नाहीत, त्यांचे वाचन थांबते. माणसात आणखी एक युक्ती आहे. काही पांढऱ्या पेशी बिनखुणेच्या पेशीवरच तुटून पडतात. म्हणून वारेच्या काही पेशी एचएलए-जी नावाची निराळी खूण पुढे करून त्यांना शांत करतात.

बहुतेक शिक्षक इथे थांबतील. माझ्या मते खरी मौज यापुढे आहे. गाईचे दिवस भरत आले, की जाराच्या काही पेशी मिटलेल्या खुणा पुन्हा उघडतात. आता गाईच्या पांढऱ्या पेशींना परकेपणा कळतो. गर्भाशयातल्या गाठींशी जार टिचबटणांसारखा जोडलेला असतो. ती जोडणी सैल होण्यास या पेशींची मदत होते. १९९१ साली नेदरलँड्समधील संशोधकांना असे आढळले, की गाय आणि वासरू यांच्या खुणा जुळत असतील, तर जार अडकण्याचा संभव वाढतो. म्हणजे जार पडायलाही आईचा नकार लागतो! अवघड वेत, कॅल्शियमची उणीव, रोगजंतू ही कारणे आहेतच. पण वजनाचा अभाव हे कारण कुठेच नाही.

दगडाने जोडणी सुटत नाही, जार तुटतो. आत राहिलेले तुकडे कुजतात आणि गाय पुन्हा गाभण राहणे अवघड होते. म्हणून पशुवैद्यकाला बोलवा. घरच्या वडीलधाऱ्यांना हे सांगणे सोपे नाही, हे मी जाणतो. तरी एवढे सांगाच: गाभडलेल्या गाईचा जार उघड्या हाताने धरू नका. ब्रुसेला नावाचा जंतू त्यात असू शकतो आणि त्याचा रेंगाळणारा ताप माणसालाही होतो.