भंगारातल्या दरवाजाला ओळख हवी

जुन्या पिकअप ट्रकचा देह शिडीसारख्या चासीवर बसवलेला असतो. बॉनेट, मडगार्ड, दरवाजे, मागचा फाळका हे भाग बहुतांशी बोल्टांनी जोडलेले असतात. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशी तेल सोडले, दिव्यांच्या तारा मोकळ्या केल्या आणि बिजागऱ्या सोडवताना दरवाजाला खालून आधार दिला, तर कसबी मिस्त्री हे सारे भाग न वाकवता उतरवतो. गॅस कटर हाती घेतला तर काम कितीतरी लवकर उरकते. मात्र मग हाती उरतो तो दरवाजा नव्हे, नुसता पत्रा. या दोन कृतींपैकी कोणती निवडायची, हा प्रश्न आपल्या वाहन-भंगार धोरणाने अजून नीट विचारलेलाच नाही.

2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात स्वेच्छा भंगार धोरणाची घोषणा झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत भंगार केंद्रांचे नियम अधिसूचित झाले. वाहन केंद्रात जमा करणाऱ्यास ठेव प्रमाणपत्र मिळते आणि त्याआधारे नवे वाहन घेताना खासगी वाहनांना 25 टक्क्यांपर्यंत, तर व्यावसायिक वाहनांना 15 टक्क्यांपर्यंत मोटार वाहन करात सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणीही संपुष्टात येऊ लागली. संपूर्ण वाहनाचा जमाखर्च अशा रीतीने बऱ्यापैकी चोख झाला आहे. वाहन सुटे झाल्यावर त्याच्या भागांचे काय होते, याचा जमाखर्च मात्र तितका चोख नाही.

1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या आयुर्मान संपलेल्या वाहनांच्या पर्यावरणविषयक नियमांनी उत्पादकांवरही जबाबदारी टाकली. व्यावसायिक वाहनांसाठी पंधरा आणि खासगी वाहनांसाठी वीस वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या वाहनांतील पोलादाच्या किमान 8 टक्के इतके उद्दिष्ट त्यांना आरंभी गाठायचे आहे. 2030-31 पासून ते 13 टक्के आणि 2035-36 पासून 18 टक्के होईल. दिशा योग्यच आहे. परंतु मोजमाप पोलादाच्या वजनाचे आहे. तराजूला धड दरवाजा आणि चेपलेला पत्रा यांतला फरक कळत नाही. बोल्ट सोडवण्यात मजुरी जाते, उतरवलेला दरवाजा कोठारात जागा अडवतो आणि त्याचे गिऱ्हाईक कधी येईल याची शाश्वती नसते. गठ्ठा बांधलेला पत्रा भट्टीकडे लगेच रवाना होतो. अशा हिशेबात केंद्रचालकाने कटर उचलला, तर दोष त्याला देता येणार नाही.

पुनर्वापराची बाजारपेठ आपल्याकडे नवी नाही. दिल्लीतील मायापुरी, चेन्नईतील पुदुपेट, कोलकात्यातील मल्लिक बाजार, मुंबईतील कुर्ला ही नावे देशभरच्या गॅरेजांना ठाऊक आहेत. भाजीपाला वाहणाऱ्या जुन्या पिकअपचा दरवाजा अपघातात चेपला, तर मालकाला नवा दरवाजा परवडेलच असे नाही. जुना मिळाला तर गाडी लवकर रस्त्यावर येते आणि हप्ता चुकत नाही. अडचण ही की त्याच ओळीत चोरीच्या गाडीचा दरवाजाही टांगलेला असू शकतो. मेरठमधील सोतीगंज चोरीच्या वाहनांच्या सुट्या भागांसाठी कुप्रसिद्ध होता. 2021च्या अखेरीस पोलिसी कारवाईनंतर तो बंद झाला. चोरीचा माल घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेचे कलम 317 शिक्षा करते. पण माल चोरीचा आहे हे घेणाऱ्यास ठाऊक होते, किंवा तसे मानण्यास त्याच्याकडे कारण होते, हे सिद्ध व्हावे लागते. ज्या दरवाजावर कोणतीच खूण नाही, त्याच्याबाबतीत चोराचा गुन्हा शाबीत करणे कठीण आणि प्रामाणिक दुकानदाराला आपला निर्दोषपणा दाखवणेही तितकेच कठीण. बाजार बंद करणे हा त्यावरचा कायमचा इलाज नव्हे, कारण गरज दुसरी गल्ली शोधते.

अनौपचारिक बाजाराचे उदात्तीकरणही नको. 2010 मध्ये दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेले एक निकामी उपकरण मायापुरीत पोहोचले, त्यातील कोबाल्ट-60 उघडे पडले आणि एका कामगाराचा जीव गेला. काय सुटे करतो आहोत हे सांगणारा कागद सोबत नसेल, तर त्याची किंमत शेवटी हातांनी काम करणाराच मोजतो.

जुन्या वस्तूंच्या विक्रीचा हा पेच प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही विक्रेत्याची मालकी सिद्ध झाल्यावरच जुन्या वस्तूंची विक्री वा गहाण होऊ द्यावे, अशी जबाबदारी बाजारावरील अधिकाऱ्यावर सोपवलेली आहे. अमेरिकेने 1984च्या कायद्यान्वये चोरीचा धोका अधिक असलेल्या गाड्यांच्या दरवाजे, बॉनेट, मडगार्ड अशा प्रमुख भागांवर ओळख क्रमांक उमटवण्याची व्यवस्था केली. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या निर्देशात वाहनाच्या वजनाच्या 85 टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. त्यात वितळवलेल्या धातूइतकाच जसाच्या तसा पुन्हा वापरलेला भागही धरला जातो. भागांवर सूक्ष्म ठिपक्यांची ओळख उमटवण्याचा मसुदा आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयानेही 2019 मध्ये प्रसृत केला होता.

यापुढची पावले फार खर्चिक नाहीत. पहिले, नोंदणीकृत केंद्राने उतरवलेल्या प्रत्येक मोठ्या भागावर मूळ वाहनाच्या भंगार प्रमाणपत्राशी जोडलेली खूण असावी आणि ती कोणालाही मोबाइलवर पडताळता यावी. दुसरे, असा भाग विकला गेल्यास त्याच्या पोलादाचे श्रेय उत्पादकाच्या उद्दिष्टात वितळवलेल्या पोलादाहून कमी नसावे. तिसरे, पुदुपेट वा मायापुरीतील मिस्त्रीला या केंद्रांत कंत्राटदार म्हणून प्रवेश मिळावा. बोल्ट कुठे अडतो हे त्याला ठाऊक आहे. हे ज्ञान यंत्रासोबत विकत मिळत नाही.

जुने भाग धोकादायक ठरतील, हा आक्षेप रास्त आहे. ब्रेक, स्टीअरिंग आणि एअरबॅग यांचा पुनर्वापर मोकळा सोडण्याचे कारण नाही. म्हणूनच आरंभ बॉनेट, मडगार्ड आणि फाळक्यापासून करावा. दरवाजाला धडकेत आतल्या माणसाचे रक्षण करायचे असते; तेव्हा गंजाने पोखरलेला वा ठोकून सरळ केलेला दरवाजा तपासणीत बाद व्हावा. खूण खोटी बनवली जाईल, हाही धोका आहे. परंतु खोटी खूण पकडता येते, नसलेली खूण पकडता येत नाही.

वाहन मोडीत काढण्याचा वेग वाढवणे हे धोरणाचे निम्मे काम झाले. मोडीत निघालेल्या वाहनातून काय वाचले, हेही त्याच वहीत नोंदले गेले पाहिजे. ती नोंद सुरू होईपर्यंत कटर बोल्टपेक्षा स्वस्त पडेल आणि पिकअपचा मालक दरवाजासाठी अंधाऱ्या गल्लीचाच रस्ता धरील.