शिंगं मोजून दिलेली फाशी

‘आम्ही फक्त म्हातारे, पैदाशीतून बाद झालेले नर मारतो.’ दिवाणखान्यात रानमेंढ्याचं मुंडकं टांगणाऱ्या मंडळींचं हे पालुपद ऐकलं की माझं टाळकं सरकतं.

कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या रॅम माउंटनवर बिगहॉर्न मेंढ्यांची वजनं आणि शिंगं 1970च्या दशकापासून मोजली जात आहेत. मेंढीची वाढ चार-पाच वर्षांत, 70 किलोंच्या आसपास जवळपास आटोपते. पुढचं खाल्लेलं कोकरांच्या पोषणात जातं. नर मात्र सहा-सात वर्षांचा होईपर्यंत भरत राहतो आणि शंभर किलो ओलांडतो. त्याला टकरी जिंकायच्या असतात. भरदार शिंगांचा खरा लाभही त्याला सहाव्या वर्षानंतर, कळपात वरचढ झाल्यावरच होतो.

आता सरकारी अक्कल बघा. 1996पर्यंत तिथे शिंगाचं वळण चार-पंचमांश भरलं की मेंढा मारायला मोकळा असे. झपाट्याने वाढणारा नर चौथ्या वर्षीच या मापात बसे आणि बाप होण्याच्या ऐन उमेदीआधीच गोळी खाई. खुरट्या शिंगांचा मात्र कायद्याच्या आडोशाने सुखात वंश वाढवी. भरलेली कणसं खाऊन किडकी बियाण्याला ठेवणाऱ्या शेतकऱ्याला गाव वेड्यात काढतं. इथे त्यालाच वन्यजीव व्यवस्थापन म्हणतात!

परिणाम? डेव्हिड कोल्टमन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली ‘नेचर’मध्ये तीस वर्षांचा हिशेब मांडला: नरांची वजनं घटली, शिंगं आखूड झाली. दाटी आणि चाऱ्याचाही त्यात वाटा आहे, हे खरंच. शिकाऱ्यांचे वकील तेवढंच धरून बसतात. पण अभ्यासकांनी आनुवंशिक घसरण वेगळी काढून दाखवली आहे. बापाची जनुकं लेकींतही उतरतात, त्यामुळे ती झळ माद्यांच्या शिंगांपर्यंत पोचली. 1996मध्ये तिथे पूर्ण वळणाची अट आली, शिकार जवळपास थांबली आणि आनुवंशिक घसरणही थांबली. गेलेलं मात्र भरून आलं नाही.

लिलावात एकेका परवान्याला लाखो डॉलर मिळतात, त्यावर संवर्धन चालतं, हे उत्तर तयारच असतं. पैसा येतो, मान्य. पण ज्या शिंगांसाठी बोली लागते तीच खुडत राहायची, हे कुठलं संवर्धन?

परवाने द्यायचेच असतील तर वय बघून द्या. बिगहॉर्नच्या शिंगावर दर वर्षाचं वळं उमटतं. दुर्बिणीतून ती वळी मोजण्याइतकाही धीर ज्याला नाही, त्याने बंदूक घरी ठेवावी.