भिंत रंगविण्यापूर्वी

नव्या गृहसंकुलाचा ताबा देण्याआधीच दर्शनी भिंतीवर ‘स्थानिक संस्कृती’चे भित्तिचित्र काढून घेण्याची हौस काही विकासकांना असते. हेतू चांगला, परंतु जेथे अद्याप एकही बिऱ्हाड आलेले नाही, तेथील संस्कृती चित्रकाराने पाहावी कोठे? असा खर्च जाहिरातीच्या खातीच मांडलेला बरा.

चेन्नईच्या दक्षिणेकडील कण्णगी नगरचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. शहरातील झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांची ही पुनर्वसन वसाहत २००० सालापासून वसत गेली. नुसता पत्ता सांगितला तरी काम नाकारले जाते, ही तेथील रहिवाशांची जुनी तक्रार. २०२० मध्ये महानगरपालिकेच्या सहकार्याने स्टार्ट इंडिया फाउंडेशनने तेथील इमारतींच्या भिंती रंगविल्या आणि एका भिंतीवर वस्तीतीलच मुलांचे हसरे चेहरे झळकले. माणसे येऊन वीस वर्षे लोटल्यावर चित्रे आली. रंगाने रोजगार मिळत नाही (नळाला पाणीही येत नाही), हे खरेच. तरीही जो पत्ता सांगण्याचा संकोच वाटे, त्याची ओळख चित्रांमुळे होऊ लागली, हे थोडे नव्हे.

अर्थात, वीस वर्षे थांबण्याचे कारण नाही. विकासकाने चित्राची रक्कम राखून ठेवावी, गृहनिर्माण संस्थेची नोंदणी झाल्यावर ती संस्थेच्या खात्यात जमा करावी आणि विषय सभासदांनी सर्वसाधारण सभेत ठरवावा. वाद होतील, खुशाल होवोत. रकमेचा काही भाग मात्र देखभालीसाठी मुदत ठेवीत गुंतवावयास हवा. दोन-चार पावसाळ्यांनंतर पोपडे सुटलेल्या चित्राखालून रोज ये-जा करावी लागते, ती रहिवाशांनाच.